मासा, कासव, पाणघोडा : नकादा काळातल्या इजिप्तच्या प्रसाधन-पाट्या

इजिप्तमध्ये पहिला पिरॅमिड उभा राहिला, त्याच्या सुमारे हजार वर्षे आधीची ही गोष्ट आहे. दक्षिण इजिप्तमध्ये नाईलच्या काठी राहणारी माणसे आपल्या मृतांसोबत हिरवट करड्या दगडाची एक चपटी पाटी पुरत असत. बहुतेक पाट्या वीतभर किंवा त्याहून लहान आणि साधारण सेंटिमीटरभर जाड. काही हातभर लांबही आहेत. तिच्यावर डोळ्यांना लावायचा रंग घोटत, म्हणून आज तिला प्रसाधन-पाटी म्हणतात. आपल्याकडे देवघरात गंध उगाळायला सहाण असते, तिचे जे काम तेच हिचे. फरक असा की ही पाटी पुष्कळदा माशाच्या, कासवाच्या, पक्ष्याच्या किंवा पाणघोड्याच्या आकारात कापलेली असे.

जगातल्या मोठ्या संग्रहालयांत अशा पाट्या शेकड्यांनी आहेत. काचेआड ठेवलेला तो चपटा मासा पाहून लोक ‘किती छान’ म्हणतात आणि पुढच्या ममीकडे वळतात. मला हे फार खटकते. इजिप्तमध्ये राजा कसा घडला, सत्ता कशी एकवटली याचा पुरावा ज्या थोड्या वस्तूंतून सलगपणे हाती लागतो, त्यांत ही पाटी आहे. सुमारे दीड हजार वर्षांचा तिचा क्रम आपल्याला माहीत आहे. त्या काळात प्राण्याचे स्थान बदलत गेले. आधी तो पाटीचा आकार होता, मग पाटीवरचे चित्र झाला आणि शेवटी राजाच्या नावातले अक्षर झाला.

कालक्रम, थोडक्यात

सुरुवात बदारी संस्कृतीपासून होते, म्हणजे साधारण इ.स.पू. 4400 ते 4000. मध्य इजिप्तमधल्या बदारी परिसरात गाय ब्रंटन आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी 1920च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा या थडग्यांतून लांबट चौकोनी पाट्या मिळाल्या. त्यांच्या आखूड बाजूंना आतल्या अंगाला खाच घेतलेली असते. आकाराचे कौतुक तेवढेच.

पुढचा टप्पा नकादा संस्कृतीचा, हे नाव नाईलकाठच्या नकादा या गावावरून. अभ्यासक तिचे तीन भाग करतात: पहिला साधारण इ.स.पू. 4000 ते 3500, दुसरा 3500 ते 3200 आणि तिसरा 3200 ते 3000. पहिल्या भागात समभुज चौकोनासारखी, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली पाटी दिसते. ती कधी कधी बरीच मोठी असते आणि वरच्या टोकाला शिंगांची किंवा पक्ष्यांची जोडी असते. याच भागाच्या उत्तरार्धात प्राण्यांचे आकार येऊ लागतात आणि दुसऱ्या भागात त्यांचा बहर येतो. त्याच दुसऱ्या भागात ढालीसारखी पाटीही रूढ होते. तिच्या वरच्या कडेला दोन पक्ष्यांची डोकी असतात, एक डावीकडे पाहणारे, एक उजवीकडे. तिसऱ्या भागात सामान्य थडग्यांतली पाटी पुन्हा साधी होते. ती चौकोनी किंवा गोल असते, फार तर कडेने दोन-तीन कोरीव रेघा. आणि नेमक्या याच वेळी देवळांसाठी भल्यामोठ्या, दोन्ही बाजूंनी चित्रे कोरलेल्या पाट्या घडू लागतात. सामान्यांची पाटी साधी होणे आणि सत्ताधाऱ्यांची पाटी भव्य होणे एकाच काळात घडले, हे लक्षात ठेवावे.

दगड

जुन्या अहवालांत आणि पुस्तकांत या पाट्यांचा दगड ‘स्लेट’ किंवा ‘शिस्ट’ म्हणून नोंदवलेला आढळतो. तो यांपैकी कोणताच नाही. हा ग्रेवॅक आणि त्याचा अधिक बारीक कणांचा भाऊबंद सिल्टस्टोन. प्रीकॅम्ब्रियन काळात साचलेला गाळ दाबला जाऊन आणि थोडा तापून बनलेला. त्याचा हिरवट रंग मुख्यतः क्लोराइट या खनिजामुळे येतो. स्लेट पापुद्र्यांनी सुटते, हा तसा सुटत नाही. पण नैसर्गिक भेगा आणि थर यांमुळे त्याचे सपाट तुकडे मात्र मिळतात.

तो येतो वादी हम्मामातमधून. नाईलकाठचे किफ्त आणि तांबड्या समुद्रावरचे कुसैर यांना जोडणारा जो वाळवंटी मार्ग आहे, त्याच्या साधारण मध्यावर ही कोरडी दरी लागते. किफ्त नदीच्या पूर्व काठावर आणि नकादा जवळपास समोरच पश्चिम काठावर. म्हणजे दगडाची वाट जिथे नदीला मिळते तिथेच या पाट्या वापरणाऱ्यांची मोठी वस्ती होती. पूर्वेच्या वाळवंटातले सोनेही याच वाटांनी खाली येई. वादी हम्मामातमध्ये अलीकडे झालेल्या पाहणीत राजवंशांच्या आधीच्या काळातल्या खाणी आणि दगड फोडण्याच्या जागाही सापडल्या आहेत. तिथे पाट्यांसोबत दगडी कंकणांचेही काम चाले.

आता हाच दगड का, हे नीट पाहण्यासारखे आहे. नाईलच्या दोन्ही अंगांना चुनखडीचे आणि वाळूच्या दगडाचे डोंगर आहेत. मग तीन-चार दिवसांची पायपीट करून वाळवंटातून दगड आणायचे कारण काय? कारण घोटण्याच्या कामात दडलेले आहे. वाळूच्या दगडावर रंग घोटला तर दगडाचेच कण सुटून रंगात मिसळतात आणि तो रंग डोळ्याच्या कडेला लावायचा असतो. चुनखडी मऊ. तिच्यावर घोटा, म्हणजे रंग घोटायचा गोटा, फिरवला की पांढरी भुकटी निघते आणि हिरवा रंग फिका पडतो. शिवाय ती ओल शोषते. ग्रेवॅक दाट आहे, बारीक कणांचा आहे, कण सोडत नाही, पाणी पीत नाही. पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला तरी त्याला किंचित खरखरीतपणा राहतो, त्यामुळे खनिजाचा खडा घोट्याखालून निसटत नाही. आणि गडद करड्या पार्श्वभूमीवर रंग किती बारीक झाला हे लगेच दिसते.

पुढे तीन हजार वर्षे हा दगड राजांनी सोडला नाही. चौथ्या राजवंशातल्या मेनकाउरेच्या गिझाला सापडलेल्या प्रसिद्ध त्रिमूर्ती याच दगडाच्या आहेत. चौथ्या रामसेसने त्याच्या तिसऱ्या राज्यवर्षी वादी हम्मामातला जी मोहीम पाठवली, तिच्या शिलालेखात 8,368 माणसांचा आकडा आहे आणि 900 जण मेल्याची नोंद आहे. ज्या दगडाच्या मागे राज्य एवढी माणसे लावी, त्याची पारख आधी कोणी केली होती? डोळ्यांचा रंग घोटणाऱ्यांनी.

घडण

पाटी घडवायला धातूची गरज नव्हती. आधी सपाट तुकडा निवडायचा. त्यात आडवी भेग असेल तर पुढे घासताना तो थरात सुटतो, म्हणून सुरुवातीची निवड महत्त्वाची. मग दगडी हातोडीने कडा टिपून ढोबळ आकार काढायचा. इथे सगळ्यांत जास्त नुकसान होते. माशाचे शेपूट, पक्ष्याची मान, पाणघोड्याचे पाय हे बाहेर आलेले अरुंद भाग आहेत आणि हातोडीचा एक घाव चुकला की तुटतात. म्हणूनच प्राण्यांचे आकार इतके आटोपशीर आहेत. पाणघोड्याचे पाय आखूड खुंटांसारखे, माशाचे पंख कडेवर जेमतेम उठलेले. सौंदर्यदृष्टी होतीच, पण दगड किती सोसतो याचीही जाण होती.

यानंतर वाळूच्या दगडावर, पाणी आणि बारीक वाळू घालून दोन्ही बाजू घासायच्या. हे वेळखाऊ काम. घासण्याच्या समांतर रेषा चांगल्या जतन झालेल्या पाटीवर तिरप्या उजेडात आजही दिसतात. कडा शेवटी गोलसर करायच्या, कारण धारदार कड लवकर टवकते. माशाचे पंख, कल्ले, शेपटीच्या रेघा चकमकीच्या टोकाने कोरायच्या.

भोक पाडणे हे शेवटचे आणि धोक्याचे काम. चकमकीचे टोक एका बाजूने निम्म्यापर्यंत फिरवायचे, मग पाटी उलटून दुसऱ्या बाजूने. म्हणून खऱ्या जुन्या भोकाचा छेद डमरूसारखा असतो, दोन्ही तोंडांना रुंद आणि मध्ये अरुंद. एकाच बाजूने आरपार गेले तर मागच्या बाजूचा टवका उडतो. भोके दोन कामांची असत. एक टांगण्यासाठी, सहसा वरच्या कडेजवळ. दुसरे डोळ्यासाठी, ज्यात शिंपल्याची, हस्तिदंताची किंवा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाची गोल चकती बसवत. हा जडवलेला डोळा बहुतेक पाट्यांतून निघून गेला आहे आणि नुसता खळगा उरला आहे. ज्या थोड्या पाट्यांत तो शाबूत आहे, त्या पाहिल्यावर बाकीच्या आंधळ्या वाटू लागतात.

टांगायचे भोक कडेच्या जितके जवळ तितके ते फाटण्याची शक्यता जास्त. अशा फाटलेल्या भोकाशेजारी दुसरे भोक पाडलेल्या पाट्या आहेत. तुटलेली कड पुन्हा घासून गुळगुळीत केलेल्याही आहेत. वस्तू मोलाची होती, तुटली म्हणून फेकून देत नसत.

पाटीवर काय घोटत

मुख्य रंग हिरवा. तो मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचा, पूर्वेच्या वाळवंटातून आणि सिनाईतून आणलेला. दुसरा काळा, गॅलेना म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा. त्याच्या खाणी तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर गेबेल झैतसारख्या ठिकाणी आहेत. तिसरा गेरू. राजवंशांच्या आधीच्या पाट्यांवर डाग सापडतात ते बहुतांशी हिरवे, गॅलेनाचे प्रमाण पुढच्या काळात वाढत गेले.

पाटीसोबत थडग्यात घोटाही असतो. नदीपात्रातला किंवा वाळवंटातला गुळगुळीत गोटा, पुष्कळदा तपकिरी जॅस्परचा. मॅलाकाइटची कठिणता मोह्‌स मापावर साडेतीन ते चार, गॅलेनाची अडीच आणि जॅस्परची सातच्या जवळपास. घोटा खनिजापेक्षा इतका कठीण असल्यामुळे त्याची भुकटी रंगात उतरत नाही.

क्रम साधा आहे. खनिजाचा वाटाण्याएवढा खडा आधी ठेचायचा. मग चिमूटभर भुकटी पाटीच्या मध्यावर घेऊन, थेंबभर पाणी घालून, गोट्याने गोल गोल घोटायची. कोरडी घोटली तर धूळ उडते आणि पाणी जास्त झाले तर भुकटी गोट्याखाली न राहता कडेला वाहते. मॅलाकाइट किती घोटायचा याचा अंदाज लागतो. कण मोठे असताना रंग गडद हिरवा असतो, पण तो त्वचेला टोचतो आणि गळून पडतो. फार बारीक केला तर त्वचेला छान धरतो, पण रंग फिकट, दुधाळ हिरवा होतो. गॅलेनाचे उलट आहे. तो चौकोनी कणांत फुटतो, जाडसर असताना धातूसारखा चकाकतो आणि पुरता घोटल्यावरच काळा होतो. शेवटी चरबी, राळ किंवा पाणी यांत कालवून बोटाने किंवा काडीने लावायचा. हे कालवण सेंद्रिय असल्याने क्वचितच टिकते. खनिजाचा डाग मात्र दगडाच्या रंध्रांत पाच-सहा हजार वर्षे राहतो.

रंग खरोखर डोळ्यांभोवती लावत, याचे सगळ्यांत बोलके उदाहरण थोडे नंतरचे आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सेपा आणि नेसा या तिसऱ्या राजवंशातल्या दांपत्याचे चुनखडीतले पुतळे आहेत. त्यांच्या डोळ्यांखाली हिरव्या रंगाचा रुंद पट्टा स्पष्ट दिसतो. पिरॅमिडमधल्या अर्पणाच्या याद्यांतही हिरवे आणि काळे, दोन्ही नेत्ररंग नावानिशी येतात.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. आपल्याकडे घरी धरलेले काजळ काजळीचे असते, पण पारंपरिक सुरमा पुष्कळदा गॅलेनाचाच असतो, म्हणजे त्यात शिसे असते. लहान मुलांच्या डोळ्यांत असा सुरमा घातल्याने शिशाची विषबाधा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी भारतातही आणि बाहेरही आहेत. इजिप्तच्या लोकांनी हजारो वर्षे वापरला म्हणून तो निर्धोक ठरत नाही. आणि प्रयोग म्हणून मॅलाकाइट घोटून पाहायचा असेल तर ओलाच घोटावा, नाकावर मास्क लावावा आणि तो डोळ्यांपासून दूर ठेवावा. तांब्याच्या संयुगाची धूळ फुप्फुसांत जाणे बरे नव्हे.

प्राणी कोणते, आणि तेच का

आकारांची यादी अपार नाही. मासा सगळ्यांत जास्त. त्यानंतर पक्षी, कासव, पाणघोडा, हरणवर्गातले आणि रानमेंढ्यासारखे शिंगवाले प्राणी. हत्ती, मगर क्वचित. म्हणजे नदी, तिचे दलदलीचे काठ आणि पलीकडचे वाळवंट. गोठ्यातली जनावरे जवळपास नाहीत, हे महत्त्वाचे. या लोकांकडे गुरे, शेळ्या-मेंढ्या भरपूर होत्या, त्यांच्या थडग्यांतही त्या दिसतात, तरी पाटीसाठी त्यांनी निवडले ते माणसाच्या ताब्यात नसलेले प्राणी.

आकार काढण्याची रीतही ठरलेली आहे. मासा, पक्षी, पाणघोडा बाजूने दिसतात. कासव मात्र नेहमी वरून, चार पाय पसरलेले, डोके पुढे. प्रत्येक प्राणी ज्या कोनातून चटकन ओळखू येईल तोच कोन. पुढच्या तीन हजार वर्षांच्या इजिप्शियन चित्रकलेचा हा पाया इथे दगडाच्या कडेत घातलेला दिसतो.

मासा पुष्कळदा तिलापिया आहे. पाठीवरून शेपटीकडे जाणारा लांब पंख आणि गोलसर अंग यांवरून तो ओळखता येतो. इजिप्तमध्ये त्याला आजही बुल्ती म्हणतात. उजनीच्या जलाशयातली चिलापी खाणाऱ्यांना तो परका वाटणार नाही, ती याचीच चुलत बहीण. या माशाची मादी अंडी तोंडात धरून उबवते, आणि पिल्ले तिच्या तोंडातून बाहेर येतात व धोका दिसला की परत आत शिरतात. राजवंशांच्या काळात इजिप्शियनांनी या माशाला पुनर्जन्माचे चिन्ह मानले. नकादा काळातल्या लोकांनी लिहून काहीच ठेवलेले नाही, म्हणून तो अर्थ सरळ मागे नेणे घाईचे ठरेल. पण माशाच्या वागण्याचे निरीक्षण तेव्हाही होते हे नक्की. नदीवर जगणाऱ्यांच्या नजरेतून अशी गोष्ट सुटत नाही.

कासवाबाबत तर अधिकच सावध राहावे. नंतरच्या धर्मात कासव सूर्यदेवाचा शत्रू ठरले. पण नकादा काळात ज्या आपुलकीने कासवाच्या पाट्या घडवून मृताच्या हाताशी ठेवल्या, त्यात वैराचा मागमूस नाही. अर्थ बदलतात. हजार वर्षांनंतरचा मंत्र घेऊन आधीची वस्तू वाचू नये.

पाणघोडा आणि हत्ती यांचे महत्त्व समजायला दक्षिण इजिप्तमधल्या हायराकॉनपोलिस या प्राचीन नगराकडे जावे लागते. तिथल्या श्रीमंतांच्या दफनभूमीत, रेने फ्रीडमन यांच्या नेतृत्वाखालच्या उत्खननात, चक्क हत्ती, पाणघोडे, बबून, मगरी पुरलेल्या सापडल्या. जिवंत पकडून आणलेले, काही काळ बाळगलेले आणि मग मालकाच्या थडग्याभोवती पुरलेले. ज्याला हत्ती बाळगता येई तो हत्ती पुरत असे. बाकीच्यांकडे त्या प्राण्याची वीतभर पाटी असे. दोन्हींच्या मागे रानाची ताकद आपल्या बाजूला असावी ही एकच इच्छा दिसते, असे माझे मत आहे.

थडग्यातली जागा

नकादाच्या थडग्यांत शव सहसा डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, डोके दक्षिणेला आणि तोंड पश्चिमेला असे ठेवलेले असते. पाटी सापडते ती चेहऱ्यासमोर किंवा हाताजवळ. शेजारी घोटा आणि मॅलाकाइटचे खडे, कधी चामड्याच्या पिशवीत. स्त्रिया, पुरुष, मुले, सगळ्यांकडे ती असू शकते, आणि पुष्कळांकडे मुळीच नसते. म्हणून तिला ‘बायकांच्या शृंगाराची वस्तू’ म्हणणे चूक आहे. काही पाट्यांच्या मध्यभागी घोटून घोटून खोलगट झालेले आहे, म्हणजे त्या आयुष्यभर वापरात होत्या. काहींवर झीज नाही पण हिरवा डाग आहे. त्यांवर बहुधा दफनाच्या वेळीच रंग घोटला गेला असावा.

पेट्री आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या

या पाट्यांच्या अभ्यासाची सुरुवात 1894-95च्या हंगामात झाली. फ्लिंडर्स पेट्री यांनी नकादाला आणि जेम्स क्विबेल यांनी शेजारच्या बल्लासला दोन हजारांवर थडगी उघडली. वस्तू इतक्या अनोळखी होत्या की पेट्रींनी त्या बाहेरून आलेल्या एका ‘नव्या वंशा’च्या ठरवल्या आणि त्यांचा काळही जुन्या राज्यानंतरचा, म्हणजे मोठ्या पिरॅमिडांच्या काळानंतरचा, धरला. जॅक द मॉर्गन यांनी हे लोक राजवंशांच्या आधीचे असल्याचे ओळखले, आणि पुढे पेट्रींनीही ते मान्य केले.

लेख नाहीत, नाणी नाहीत, राजांची नावे नाहीत, मग क्रम लावायचा कसा? पेट्रींनी प्रत्येक थडग्यातल्या वस्तूंचे प्रकार पुठ्ठ्याच्या एकेका पट्टीवर लिहिले. नऊशेच्या आसपास थडगी, तेवढ्याच पट्ट्या. सारखे प्रकार शेजारी येतील अशा त्या पुन्हा पुन्हा लावून पाहिल्या. नागमोडी मुठीची मडकी हा त्यांचा मुख्य आधार होता. आधी उपयोगी असलेली मूठ हळूहळू नुसती नक्षी बनत जाते. पाट्यांनाही त्यांनी तोच न्याय लावला. आधी ठसठशीत मासा, मग पंख पुसट, मग नुसता लंबगोल. मिळालेल्या क्रमाला त्यांनी 30 ते 80 असे आकडे दिले आणि 1 ते 29 मोकळे ठेवले, पुढे कोणाला आणखी जुने काही सापडले तर जागा असावी म्हणून. बदारीचे शोध लागल्यावर त्या मोकळ्या जागेचा उपयोग झाला. पुरातत्त्वात इतकी दूरदृष्टी क्वचित दिसते.

पद्धतीत कच्चे दुवेही होते. आकार नेहमी सुबकाकडून ढोबळाकडेच जातो असे नाही. एकाच काळात कसबी कारागिराची पाटीही असते आणि नवशिक्याचीही. 1950च्या दशकात वेर्नर कायझर यांनी अरमंतच्या दफनभूमीचा आराखडा घेऊन, कोणते प्रकार कोणत्या भागात सापडतात हे पाहून, नव्याने टप्पे पाडले. पुढे स्टान हेंड्रिक्स यांनी ते सुधारले. आज वापरतात ती विभागणी या दोघांची. पण तिच्या मुळाशी पेट्रींच्या पट्ट्या आहेत.

कडेवरून पृष्ठभागावर

नकादाच्या दुसऱ्या भागात आणि त्यानंतर एक नवी गोष्ट घडते. प्राणी पाटीच्या बाह्याकाराबरोबर तिच्या तोंडावरही येतो. अल-अमराच्या एका थडग्यातल्या पाटीवर मीन या देवाचे चिन्ह उठावात कोरलेले आहे. गेरझेला सापडलेल्या पाटीवर गाईचे शिंगवाले डोके आणि शिंगांच्या टोकांशी, कानांशी तारे आहेत. दोन्ही पाट्या लहान, थडग्यातल्या, पण त्यांवर आता देवता आहे.

त्यापुढच्या पाट्या देवळासाठीच्या. शिकाऱ्यांच्या पाटीवर, जिचे तुकडे ब्रिटिश म्युझियम आणि लूव्रमध्ये विभागलेले आहेत, हत्यारबंद माणसांच्या रांगा सिंह आणि हरणांमागे आहेत. राजा अजून वेगळा दिसत नाही. रणभूमीच्या पाटीवर सिंह माणसाला फाडतो आहे आणि गिधाडे प्रेतांवर बसली आहेत. बैलाच्या पाटीवर बैल माणसाला शिंगाने लोळवतो. हा सिंह आणि हा बैल म्हणजे सत्ताधारीच. रानाची जी ताकद पूर्वी कोणाच्याही हाताशी असू शकत होती, ती आता एका माणसाची मालमत्ता झाली.

1897-98मध्ये क्विबेल आणि फ्रेडरिक ग्रीन यांना हायराकॉनपोलिसच्या देवळातल्या साठ्यात नार्मर या राजाची पाटी सापडली. सुमारे 64 सेंटिमीटर उंच, ढालीच्या आकाराची, इ.स.पू. 3100च्या आसपासची, आज कैरोत. एका बाजूला राजा गदा उगारून शत्रूला मारतो आहे. दुसऱ्या बाजूला लांब मानेची दोन काल्पनिक श्वापदे एकमेकांत माना गुंफून उभी आहेत आणि त्या मानांच्या वेढ्यातून मधोमध एक गोल खळगा तयार होतो. हा खळगा रंग घोटण्याचा. अशा गुंफलेल्या मानांची श्वापदे मेसोपोटेमियातल्या उरुक काळच्या मुद्रांवरही आहेत, म्हणजे चित्र परदेशी वळणाचे. खळगा मात्र अस्सल स्थानिक, बदारीपासून चालत आलेल्या कामाचा. सबंध पाटीची रचना त्याच्याभोवती बेतली आहे. आणि राजाचे नाव दोन चिन्हांनी लिहिले आहे: ‘नार’ म्हणजे मांजरमासा आणि ‘मेर’ म्हणजे छिन्नी. पाचशे वर्षांपूर्वी जो मासा अख्ख्या पाटीचा आकार असे, तो इथे लिपीचे चिन्ह होऊन बसला आहे.

पहिल्या राजवंशाच्या काळात पाट्या थडग्यांतून ओसरतात. डोळे रंगवणे थांबले नाही. रंग आता डब्यांत, नळ्यांत, पिशव्यांत ठेवत आणि घोटण्याचे काम साध्या दगडांवर होई. लेखनिकांची लाकडी पाटी, जिच्यात शाईचे खळगे आणि बोरू ठेवायची खाच असते, ती वेगळी वस्तू आहे. दोघींना इंग्रजीत ‘पॅलेट’ हे एकच नाव असल्याने भाषांतरांत नेहमी घोळ होतो.

पाटी पाहताना

पेट्रींच्या काळात उत्खननाला पैसे देणाऱ्या संस्थांना वस्तूंचा वाटा मिळे. त्यामुळे एकाच थडग्यातली पाटी एका शहरात, घोटा दुसऱ्या शहरात आणि मडकी तिसरीकडे असे पुष्कळदा झाले आहे. पाटीवर शाईने लिहिलेला बारीक थडगे-क्रमांक असेल तर ती सगळ्यांत मौल्यवान खूण. तिच्यावरून बाकीची जोडी शोधता येते. क्रमांक नसलेली पाटी बाजारातून आलेली असण्याची शक्यता मोठी आणि तिथे बनावट वस्तू फार. खरा दगड आजही वादी हम्मामातमध्ये मिळतो, त्यामुळे दगड बरोबर आहे एवढ्यावर विसंबता येत नाही. त्याहून फसवा प्रकार म्हणजे खऱ्या, साध्या जुन्या पाटीवर आधुनिक काळात चित्र कोरून तिची किंमत वाढवणे.

तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. भोकाचा छेद डमरूसारखा आहे की सरळ नळीसारखा, हे आधी पाहावे. सरळ असेल तर यंत्राच्या गिरमिटाचा संशय घ्यावा. कोरीव रेघेच्या तळाचा रंग आणि भोवतालच्या पृष्ठभागाचा रंग जुळतो का ते भिंगाखाली पाहावे. ताजी रेघ फिकट करडी दिसते. जुना टवका किंवा ओरखडा रेघेच्या वरून गेला आहे की रेघ त्याच्या वरून, हेही बघावे. रेघ टवक्याच्या आत उतरत असेल तर ती नंतरची. हिरवा डाग रंध्रांत बसलेला असावा, वर फासलेला नव्हे. आणि पाटी खरी असो की संशयित, तिला पाणी लावू नये. संग्रहात आल्यावर ‘स्वच्छ’ करताना तो डाग निघून गेला, तर ती पाटी कशासाठी होती याचा तिच्यावरचा एकमेव पुरावा गेला.